गुणवत्तेचे राज्य आणि गाळलेले पद

मायकेल यंग ह्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाचे 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' हे पुस्तक १९५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. 'मेरिटॉक्रसी' म्हणजे गुणवत्तेचे राज्य, हा शब्द जगभर रूढ झाला तो ह्या पुस्तकामुळे. आज वैद्यकीय प्रवेशापासून प्राध्यापकांच्या नेमणुकीपर्यंत 'मेरिट' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. फेकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे पुस्तक वाचले असेल. वाचले असते तर त्यांना कळले असते की लेखकाने हा शब्द गौरवासाठी वापरलेला नाही, उपहासासाठी वापरलेला आहे.

ह्या पुस्तकावर आता लिहिण्याचे कारण वेगळे आहे. पुस्तकातला निवेदक ज्या काळात बसून लिहितो तो काळ म्हणजे २०३४ हे साल. ते आता दहा वर्षांच्याही आत येऊन ठेपले आहे. माणसाची बुद्धी म्हणजे काय ह्याचा पुरता उलगडा झाला तर समाजाचे काय होईल, हा प्रश्न यंग ह्यांनी विनोदाच्या अंगाने विचारला होता. तो आता विनोदाचा राहिलेला नाही. ज्यांच्या बुद्धीचा निकाल त्यांच्या जन्माआधीच हजारो वर्षे लावून ठेवला होता, त्या आपण तरी त्याच्याकडे करमणूक म्हणून पाहू शकत नाही.

प्रथम पुस्तकाविषयी. बाह्यतः हा एक समाजशास्त्रीय प्रबंध आहे. लिहिणारा भविष्यकाळातला एक विद्वान असून त्याचे नावही मायकेल यंगच आहे. तो स्वतः ह्या गुणवत्तेच्या राज्याचा लाभार्थी आहे आणि राज्याची बाजू घेऊनच लिहितो. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सरकारी नोकऱ्या स्पर्धा परीक्षेने भरण्याचा आदेश निघाला. तिथून तो इतिहास सांगू लागतो. वारसाहक्काने मोठी झालेली माणसे हळूहळू बाजूला पडतात, बुद्धिमान माणसे वर येतात. बुद्धी अधिक परिश्रम बरोबर गुणवत्ता, हे त्या राज्याचे सूत्र. बुद्धी मोजण्याचे शास्त्र जसजसे अचूक होत जाते तसतसे मोजण्याचे वय खाली सरकते. आधी अकराव्या वर्षी परीक्षा, मग त्याहून लहानपणी, आणि अखेर मूल जन्मण्यापूर्वीच त्याच्या पूर्वजांच्या बुद्धीवरून त्याची बुद्धी सांगता येऊ लागते. वरच्या घरांत मंद मूल जन्मले तर खालच्या घरातले हुशार मूल चोरबाजारातून मिळवण्यापर्यंत मजल जाते. कमी बुद्धीची माणसे वरच्यांच्या घरी नोकर म्हणून राबू लागतात, आणि हीच त्यांची योग्य जागा असे सर्वांना वाटते, त्यांना स्वतःलाही. शेवटी बंड होते. बंड फसेल अशी ग्वाही निवेदक देतो आणि पुस्तक संपते. संपल्यावर प्रकाशकाची एक तळटीप येते. लेखक पीटरलूच्या दंगलीत मारला गेल्यामुळे त्याला मुद्रिते तपासता आली नाहीत, अशी. १८१९ साली मँचेस्टरमध्ये मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले, त्या कत्तलीला पीटरलू म्हणतात. ज्याला सर्व काही समजले होते त्या विद्वानाला, आपण ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसे काय करणार, एवढेच समजले नव्हते.

यंग हे कोणी हस्तिदंती मनोऱ्यातले लेखक नव्हते. १९४५ साली ज्या जाहीरनाम्यावर मजूर पक्ष निवडून आला त्याचा मसुदा त्यांनी लिहिला होता. लंडनच्या पूर्व भागातल्या कामगार वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा होऊ लागली आणि तीत बुद्धिमत्ता चाचणीला मोठे स्थान मिळाले. थोडी मुले चांगल्या 'ग्रामर' शाळांत गेली, उरलेली बहुसंख्य दुय्यम शाळांत. आपल्याच पक्षाची माणसे ह्या चाळणीला समतेचे साधन समजतात हे पाहून यंग अस्वस्थ झाले. त्या अस्वस्थतेतून हे पुस्तक आले.

आता ज्या शास्त्राच्या पायावर हे राज्य उभे राहायचे, त्या शास्त्राचा इतिहास काय सांगतो? आल्फ्रेड बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ साली पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हेरून त्यांना अधिक मदत देता यावी म्हणून. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे हे मत त्याने स्पष्टपणे नाकारले होते. १९११ साली तो वारला. त्याची चाचणी अमेरिकेत गेली आणि मदतीचे साधन छाटणीचे हत्यार झाले. व्हर्जिनियातील कॅरी बक ह्या गरीब मुलीला मंदबुद्धी ठरवून तिची सक्तीने नसबंदी करण्यास १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. तिची तान्ही मुलगीही मंद असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. पुढे शाळेत त्याच मुलीचे नाव गुणवंतांच्या यादीत लागले. अमेरिकेत अशा सक्तीच्या नसबंदीला साठ हजारांहून अधिक माणसे बळी पडली.

इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षीच्या चाळणीला ज्यांच्या संशोधनाचा मोठा आधार मिळाला ते सर सिरिल बर्ट. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या अभ्यासावरून बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते असे ते सांगत. १९७१ साली ते वारले. त्यांच्या निबंधांत जुळ्यांची संख्या वाढत गेली तरी सहसंबंधाचा आकडा दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तोच राहतो, हे लिओन केमिन ह्यांनी १९७४ साली दाखवून दिले. १९७९ साली बर्ट ह्यांच्या अधिकृत चरित्रकारानेही लबाडी झाल्याचे मान्य केले. नंतर काहींनी बर्ट ह्यांचा बचावही केला, परंतु त्या आकड्यांवर शास्त्र उभारण्याचे धाडस पुन्हा कोणी केले नाही. पुढे जेम्स फ्लिन ह्यांनी अनेक देशांतील जुनी माहिती तपासली. हॉलंडमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तरुणांना दिल्या जाणाऱ्या एकाच चाचणीतले गुण १९५२ ते १९८२ ह्या तीस वर्षांत सुमारे वीस अंकांनी वाढले होते. तीस वर्षांत एखाद्या राष्ट्राचे रक्त बदलत नाही. बदलते ते अन्न, शाळा, घर आणि काम.

आपल्या चळवळीतील लेखन बहुधा इथे येऊन थांबते. मोजमाप खोटे आहे, मोजणारे लबाड आहेत, म्हणून गुणवत्तेचा दावा फोल आहे, असा आपला युक्तिवाद असतो. मीही वर्गात आणि शिबिरांत अनेक वर्षे हेच सांगत आलो आहे. यंग ह्यांचे पुस्तक वाचल्यावर ह्या युक्तिवादातला धोका माझ्या लक्षात आला. यंग म्हणतात, समजा मोजमाप खरे निघाले तर? समजा कोणी लबाडी केली नाही, चाचणीत चूक राहिली नाही, बुद्धीचे सगळे रहस्य उलगडले, तर? मग काय तुम्ही गुलामी मान्य कराल?

हा प्रश्न आपण टाळू नये. शास्त्र बर्ट ह्यांच्यापाशी थांबलेले नाही. २०१८ साली युरोपीय वंशाच्या सुमारे ११ लाख माणसांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस किती वर्षे शाळा शिकतो ह्याच्याशी संबंध दाखवणाऱ्या बाराशेहून अधिक जागा त्यात सापडल्या. त्या सर्वांवरून काढलेल्या अंकाने माणसामाणसांतील शिक्षणाच्या फरकापैकी जेमतेम ११ ते १३ टक्के भाग सांगता येतो. हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. गर्भधारणेपूर्वीच, प्रयोगशाळेतल्या भ्रूणांतून अधिक 'हुशार' भ्रूण निवडून देण्याची भाषा अमेरिकेतील काही कंपन्या आताच करू लागल्या आहेत. यंग ह्यांनी थट्टेने लिहिलेले पान बाजारात येत आहे. उद्या हे शास्त्र अधिक नेमके झाले तर 'मोजमाप खोटे' ह्या एकाच खांबावर उभे राहिलेले आपले घर कोसळेल.

इथे मला १९३६ सालचे बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' आठवते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे होऊ शकले नाही आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात समतेचा विचार करताना ते विरोधकांचा आक्षेप आडून नव्हे, सरळ अंगावर घेतात. माणसे समान नसतात हे मला मान्य आहे, तरी पुढे काय, असा त्यांचा पवित्रा आहे. माणसाची शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते असे ते मांडतात. एक, शरीराबरोबर आलेला वारसा. दोन, सामाजिक वारसा, म्हणजे आईबापांनी घेतलेली काळजी, शिक्षण, पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले ज्ञान. तीन, माणसाचे स्वतःचे प्रयत्न.

आता यंग ह्यांच्या राज्याचे सूत्र पाहा. बुद्धी अधिक परिश्रम. तिथे दोनच पदे आहेत. बाबासाहेबांच्या मांडणीतले पहिले आणि तिसरे. मधले पद, सामाजिक वारशाचे, गाळलेले आहे. यंग ह्यांच्या निवेदकाला ते गाळता येते, कारण त्याच्या मते राज्याने सर्वांना समान संधी देऊन मधले पद सगळ्यांसाठी सारखेच करून टाकले आहे. आपल्याकडचे मेरिटवाले मात्र काहीही सारखे न करता ते पद गाळतात. बाबासाहेबांनी बजावले होते की ज्यांच्या बाजूला जन्म, घराणे, शिक्षण आणि पिढीजात संपत्ती आहे त्यांनाच शर्यतीत निवडले तर ती कर्तबगारांची निवड ठरत नाही, सवलतवाल्यांची ठरते. हे समजायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाला पुष्कळ काळ लागला. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील आरक्षणाच्या खटल्यात जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटले की परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येत नाही, कारण त्या गुणांमागे घराने दिलेले सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल असते.

मधले पद म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परतायचे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आक्का. तिला ते बरोबर नेत, कारण धाकट्या भावाला कोपीत सांभाळायला कोणीतरी हवे होते. मला आजीने गावी ठेवून घेतले. आजीचे गुडघे गेले होते, फडावर जाऊन तिचा उपयोग नव्हता, म्हणून ती गावात राहिली आणि ती राहिली म्हणून माझी शाळा राहिली. आक्काची तिसरीत सुटली.

मी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसलो. त्या परीक्षेत मराठी आणि गणिताबरोबर 'बुद्धिमत्ता चाचणी' असा एक भाग असे. संख्यांची मालिका पूर्ण करा, गटात न बसणारा शब्द ओळखा, आणि आरशात पाहिल्यावर घड्याळात किती वाजलेले दिसतील ते सांगा. आमच्या घरात आरशाचा एक तुकडा भिंतीत लिंपून बसवलेला होता, काट्यांचे घड्याळ नव्हते. गुरुजींनी पाठीमागून कागद उजेडात धरून उलटे घड्याळ पाहायची युक्ती दाखवली. ती मी पाठ केली. बुद्धिमत्ता चाचणीत मला चांगले गुण पडले. शिष्यवृत्ती मिळाली. गावाने ठरवले, पोरगा हुशार आहे.

आईला अक्षर येत नाही. पण उचल किती, खाडे किती पडले, वाढे विकून किती आले आणि मुकादमाने हिशेबात कुठे मारले, हे ती तोंडी सांगते. आक्का फडात उभी राहून गाडीत किती मोळ्या बसतील हे नजरेने सांगते आणि चुकत नाही. त्या चाचणीने माझी बुद्धी मोजली असे म्हणतात. तिने माझ्या आजीचे गुडघे मोजले असे मला वाटते. दोन्हींतले किती माझे आणि किती आजीचे, हे वेगळे करून दाखवणारी चाचणी मला अजून कोणी दाखवलेली नाही. आइसलँडमध्ये झालेल्या एका अभ्यासात २०१८ साली असे दिसून आले की आईबापांची जी जनुके मुलाला मिळालेलीच नाहीत त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम होतो, कारण ती जनुके आईबापांच्या वागण्यातून, घरातून मुलापर्यंत पोचतात. म्हणजे जनुके मोजायला निघालेल्या शास्त्रालाही वाटेत मधले पद आडवे आले.

आणि तुच्छतेचे काय? ती कोणत्या पदात धरायची? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००४ पासून उपलब्ध आहेत. सहाशेहून अधिक मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. मुलांची जात उच्चारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. मग प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी लगेच घसरली. मेंदू तोच, कोडी तीच, मधे फक्त एक शब्द उच्चारला गेला. बुद्धी पूर्ण समजून घ्यायची असेल तर तो शब्द उच्चारणाऱ्याच्या तोंडाचाही अभ्यास करावा लागेल.

परंतु मी वर जो प्रश्न मान्य केला तो अजून शिल्लक आहे. मधले पद धरूनही मोजमाप खरे निघाले तर? ह्या ठिकाणी बाबासाहेबांचा एक युक्तिवाद आपण नीट तपासला पाहिजे. राज्यकर्त्याला असंख्य माणसांशी व्यवहार करावा लागतो, प्रत्येकाची पारख करून त्याप्रमाणे वागायला त्याच्याजवळ ना वेळ असतो ना ज्ञान, म्हणून सर्वांना समानतेने वागवणे हाच व्यवहार्य नियम ठरतो, असे ते म्हणतात. १९३६ साली हे बिनतोड होते. आज वेळेचा प्रश्न संगणकाने सोडवला आहे आणि ज्ञानाचा प्रश्न आपण सोडवू असे शास्त्रज्ञ म्हणत आहेत. मग हा युक्तिवाद गळून पडतो काय?

माझे उत्तर असे की हा एक युक्तिवाद दुबळा होईल, भूमिका दुबळी होणार नाही. कारण बाबासाहेबांनी समता ह्या अज्ञानावर उभारलेली नव्हती. समता ही वस्तुस्थिती म्हणून खरी नसली तरी शासनाचे तत्त्व म्हणून ती स्वीकारलीच पाहिजे, असे त्यांनी त्याच लेखनात आधी म्हणून ठेवले आहे. समतेचे तत्त्व मोजमापातून निघत नाही आणि मोजमापाने रद्दही होत नाही. ह्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या हातात दर पाच वर्षांनी येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत निग्रोंना मतापासून दूर ठेवण्यासाठी साक्षरतेच्या परीक्षा घेतल्या जात, त्या १९६५ च्या कायद्याने मोडाव्या लागल्या. बाबासाहेबांनी १९२९ सालीच, सायमन कमिशनच्या वेळच्या आपल्या स्वतंत्र अहवालात, प्रौढ मताधिकार मागितला. १९५० साली राज्यघटनेने तो दिला. माझ्या आईला मत देताना कोणी तिची बुद्धी मोजली नाही. उद्या मोजता आली तरी मोजायची नाही, असे ह्या देशाने ठरवले आहे. मताच्या बाबतीत जे ठरवले ते भाकरी, शाळा आणि सन्मान ह्यांच्या बाबतीत ठरवायचे राहिले आहे, एवढेच.

आता पुस्तकाच्या वाङ्मयीन बाजूसंबंधी दोन शब्द. उपहासाचा सूर शेवटपर्यंत सांभाळणे सोपे नसते, यंग ह्यांनी तो सांभाळला आहे. पण ह्या पुस्तकात एक मोठी उणीव आहे. ज्यांना मोजून खाली ढकलले त्यांपैकी कोणीही ह्या पुस्तकात बोलत नाही. बंडाचे पुढारपण वरच्या वर्गातल्या स्त्रिया करतात. बुद्धीबरोबर माणसाची माया, धैर्य, सहानुभूती ह्यांनाही मोल द्या, म्हणजे वर्गच उरणार नाहीत, अशा अर्थाचा सुंदर जाहीरनामा चेल्सीत निघतो. पण घरकाम करणारी बाई, दुय्यम शाळेतून बाहेर पडलेला हमाल, त्यांचे आतले काय, हे पुस्तकात येत नाही. निवेदक वरचा आहे म्हणून ते येत नाही, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी पुरेसे नाही. १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हा मराठी वाङ्मयात जे घडले ते हेच होते. ज्याच्याविषयी निकाल दिला गेला होता तो स्वतः साक्षीला उभा राहिला. यंग ह्यांच्या राज्यात ही साक्ष कोण देणार?

ह्या प्रश्नाला यंग ह्यांनीच भीषण उत्तर दिले आहे, आणि पुस्तकातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा विचार तो आहे. गुणवत्तेचे राज्य खालच्या वर्गातली हुशार मुले लहानपणीच उचलून वर नेते. त्यामुळे खालच्यांत पुढारी, लेखक, साक्षीदार उरतच नाहीत. यंग ह्यांनी २००१ साली एका वृत्तपत्रात लेख लिहून, तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर हा शब्द स्तुतीपर वापरतात ह्याबद्दल खेद व्यक्त केला. त्या लेखात त्यांनी १९४५ च्या मंत्रिमंडळातल्या अर्नेस्ट बेव्हिन ह्यांची आठवण दिली. बेव्हिन अकराव्या वर्षी शाळा सोडून शेतावर राबू लागले आणि पुढे कामगारांचे पुढारी होऊन परराष्ट्रमंत्री झाले. गुणवत्तेच्या राज्यात तो मुलगा शिष्यवृत्ती घेऊन वर गेला असता आणि कामगारांकडे परत आला नसता.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. कारण हा मुलगा मी आहे. मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे राखीव पद 'योग्य उमेदवार न मिळाल्यामुळे' वर्षानुवर्षे रिकामे ठेवले जाते तेव्हा मी स्टाफरूममध्ये भांडतो. ते भांडण खरे आहे. पण मी निघून आलो त्या फडावर आज कोण बोलते आहे? मी वर आलो ही माझ्या समाजाची कमाई की गळती, हा हिशेब प्रत्येक पहिल्या पिढीच्या पदवीधराने स्वतःशी मांडला पाहिजे. बाबासाहेबांनी शिका म्हटले त्याबरोबर संघटित व्हा आणि संघर्ष करा हेही म्हटले. त्यांतला पहिला शब्द घेऊन बाकीचे दोन सोडणारा माणूस यंग ह्यांच्या राज्याचा आदर्श नागरिक होईल.

गेल्या दिवाळीत आक्का आली होती. माझ्या घरातले पुस्तकांचे कपाट पाहत म्हणाली, "तुझं डोकं चालायचं रं. माझं कुठं चालत व्हतं?" मी काहीतरी बोललो, पण तिला ते पटले नाही. तिच्या मनात हे पक्के बसले आहे. यंग ह्यांनी ह्याचीच भीती सांगितली होती. पूर्वी खालच्या माणसाला निदान असे म्हणता येत असे की मला संधी मिळाली नाही. गुणवत्तेचे राज्य त्याच्याजवळचे हे शेवटचे वाक्यही काढून घेते आणि तूच कमी होतास असे त्याच्या तोंडून वदवते. आपल्याकडे पूर्वी हे काम पूर्वजन्मीच्या कर्माने केले. आता ते चाचणीचा अंक करू लागला आहे. यंग ह्यांच्या राज्यात शेवटी पूर्वजांवरून न जन्मलेल्या मुलाची जागा ठरते, म्हणजे जन्माची मक्तेदारी मोडायला निघालेले राज्य फिरून जन्मापाशीच येते. इंग्रज वाचकाला ह्यात भविष्य दिसले. आपल्याला त्यात गाव ओळखू येते.

म्हणून बुद्धीचे शास्त्र नको, असे मी म्हणणार नाही. अज्ञानाची बाजू घेणे आपल्याला परवडणारे नाही. बुद्धीविषयी आपल्याला एक गोष्ट फार पूर्वीच पक्की समजली आहे. गरोदर बाईला आणि लहान मुलाला आयोडिन कमी पडले तर मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. हे समजल्यावर सरकारने काय केले? कोणाची बुद्धी किती ते मोजत न बसता सर्वांच्या मिठात आयोडिन घातले. बुद्धी समजून घेण्याचा हाही परिणाम असू शकतो. बिनेची वाट ती ही. दुसरी वाट कॅरी बकच्या दारावरून जाते. ज्ञान दोन्हीकडे तेच असते. कोणत्या वाटेने जायचे हे शास्त्रज्ञ ठरवत नाही, ज्यांच्या हाती सत्ता असते ते ठरवतात. म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेत सोडून देऊन चालणार नाही, तो आपल्या शिबिरांत आणि वर्गांत आला पाहिजे. कार्यकर्त्यांनी मोजमापातली लबाडी उघडी पाडावीच, पण तेवढ्यावर थांबू नये.

आक्काच्या डोक्याची चाचणी कोणी घेतली नाही. घेतली असती आणि त्यात ती कमी भरली असती, तरी तिच्या हातचा कोयता तिच्या मुलीच्या हाती जावा ह्याला ते कारण झाले नसते. ही मुलगी आता चौथीत आहे. यंदा कारखाना सुरू झाला तेव्हा ती आमच्याकडे राहिली, आणि आजीची जागा माझ्या बायकोने घेतली आहे. पण हे एका घराचे उत्तर झाले. फडावर गेलेल्या बाकीच्या मुलांचे उत्तर अजून द्यायचे आहे.